दांडिया बाजारात दुकानाची पाटी: आधी परवानगी, मग ऑर्डर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बडोद्याच्या दांडिया बाजारात भाड्याचा गाळा घेतलाय, फराळाचं दुकान टाकताय, दिवाळीच्या आधी सुरू करायचंय. दर्शनी भागावर लाइटची मोठी पाटी, रस्त्याकडे काटकोनात निघालेली एक छोटी दुबाजू पाटी आणि खाली फूटपाथवर उभा बोर्ड, असं तिन्ही हवंय. पेंटर म्हणतो स्वतःच्या दुकानाच्या पाटीला परवानगी लागतच नाही, आणि शेजारचे काका म्हणतात दबाणवाले, म्हणजे महापालिकेचे अतिक्रमण हटवणारे, येतात नि सगळं गाडीत टाकून नेतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मी बडोद्यात पाट्या बनवायच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेंटर जे म्हणतो त्याचं मूळ कायद्यातच आहे. आपल्या महापालिकेला लागू असलेला कायदा म्हणजे १९४९ चा, पूर्वी मुंबई प्रांताचा होता, आता गुजरातच्या नावानं चालतो (पुण्या-नाशकाकडेही त्याच मुळाचा कायदा आहे, त्यामुळे तिकडचे नातेवाईक सांगतात ते पुष्कळदा जुळतं). त्यात कलम २४४ आकाशपाट्यांचं, म्हणजे स्काय-साइनचं, आणि २४५ जाहिरातींचं. ज्या इमारतीत धंदा चालतो तिच्यावरच त्या धंद्याची साधी पाटी, दुकानाच्या खिडकीच्या आत लावलेली पाटी, मालकाचं किंवा घराचं नाव, यांना २४५ मध्ये सूट आहे. पेंटरनं एवढंच ऐकलंय. पण ती सूट स्काय-साइनला नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या मालाची जाहिरात असेल तर तिलाही नाही. म्हणजे कोल्ड्रिंकची कंपनी फुकटात बोर्ड करून देते, वर त्यांचं नाव मोठं नि खाली तुमचं बारीक, तो बोर्ड तुमच्या दुकानाची पाटी राहत नाही, जाहिरातच धरतात. नवीन दुकानदार इथे हमखास फसतात कारण फुकटचं नाकारवत नाही. माझं ऐका, घेऊ नका, स्वतःच्या नावाची लहान का होईना पण स्वतःची करा.

स्काय-साइन म्हणजे फक्त गच्चीवरचं होर्डिंग नव्हे. खांबावर किंवा फ्रेमवर उभी केलेली आणि रस्त्यावरून बघितल्यावर मागे आभाळ दिसेल अशी कुठलीही पाटी त्यात येऊ शकते. तुमच्या घरमालकांनी पत्र्याच्या वर फ्रेम उभी करायला सुचवलंय ना, ते करू नका. त्याला लेखी परवानगी लागते, ती एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची मिळते, आणि त्या जुन्या घराच्या भिंतीवर एवढी वाऱ्याची झेप पेलायची ताकदही नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते १२० बाय १२० चं उभं होतं. तुमची पाटी अर्थातच त्यापुढे काहीच नाही, पण खाली उभं राहणारं गिऱ्हाईक तेच असतं.

आता तुमच्या तीन पाट्या. दर्शनी पाटी भिंतीला चिकटून, शटरच्या वर, तुमच्या गाळ्याच्या रुंदीतच ठेवा, शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभरही जाऊ देऊ नका आणि वरच्या मजल्याची खिडकी झाकू नका. लाइट आतून असली तर ऑर्डर द्यायच्या आधी वॉर्ड ऑफिसला विचारून लेखी घ्या, लाइटच्या पाटीला साध्या पाटीसारखं समजून चालू नका. काटकोनातली पाटी मात्र रस्त्यावर येते. रस्त्यावर बाहेर काढलेल्या गोष्टींना त्याच कायद्यात वेगळी बंदी आहे, परवानगीशिवाय लावाल तर नोटीस न देताही काढायचा अधिकार आयुक्तांना कलम २३१ नं आहे. शेजारचे काका जे सांगतात ते हेच. शिवाय गणपतीच्या आगमनाला उंच मूर्ती येतात, कार्यकर्ते बांबूनं वायरी वर उचलत चालतात, तेव्हा बाहेर आलेली पाटी सगळ्यात आधी आडवी येते. त्यापेक्षा ओटल्याच्या आतल्या बाजूला, आपल्याच हद्दीत, एक उभी अरुंद पाटी करा, दोन्हीकडून येणाऱ्याला दिसते.

फूटपाथवरचा उभा बोर्ड तर सोडूनच द्या. तो उचलून नेला तर भांडायला आपल्या बाजूनं काहीच नसतं. आज काय ताजं आहे ते लिहायचंय ना, मग काचेच्या आतून फळा लावा, चकली-अनारसे आलेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथूनच वाचता येतं.

भाड्याचा गाळा आहे म्हणून ही गोष्ट नीट लक्षात घ्या, भाडेकरारात तुम्हाला आतली जागा मिळाली असते, बाहेरची भिंत नाही. पाटी कुठे, केवढी, लाइट कुठल्या मीटरवरून, हे मालकांकडून लेखी घ्या. वरती दुसरे भाऊ राहत असतील आणि घर वाटणीत असेल तर त्यांचीही सही घ्या. दांडिया बाजार, रावपुरा इकडे बरीच घरं अशीच एकत्र नावावर असतात आणि पाटी लागल्यावर वरून आक्षेप येतो.

अर्जाबरोबर साधारण भाडेकरार, मालकाची संमती, चालू वेरा बिल (म्हणजे महापालिकेच्या घरपट्टीचं), दुकानाच्या नोंदणीचा कागद, जागेचा समोरून फोटो आणि मापासकट ड्रॉइंग तयार ठेवा. कामगार थोडे असतील तर दुकानांच्या २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी फक्त कळवायचं असतं, पण अजूनही सगळे त्याला जुन्या दुकान-कायद्याच्या नावानं गुमास्ताधाराच म्हणतात, तो कागद मिळालाय का बघा. ड्रॉइंगमध्ये जमिनीपासून पाटीच्या खालच्या कडेची उंची नक्की लिहा, नुसती लांबी-रुंदी लिहून अर्ज दिला की परत विचारणा होते. वॉर्ड ऑफिसात समाधान झालं नाही तर खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत जा. फी जी काय सांगतील ती पावतीवरच भरा, आणि "बोर्ड लावा, नंतर बघू" असं कुणी तोंडी सांगितलं तर ते परवानगी समजू नका, मग तो कुणीही असो.

भाषेचं विचारलंत. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं बडोद्यासकट आठ महानगरांत सार्वजनिक जागांच्या पाट्यांवर गुजराती सक्तीची केली, दुकानं-हॉटेलं त्यात आली. म्हणून देवनागरीत नाव ठेवायचं तर ठेवा, मला स्वतःला ते फार आवडेल, पण गुजरातीही तेवढ्याच ठळक अक्षरात घ्या, कोपऱ्यात बारीक टाकू नका.

आणि फिटिंगबद्दल थोडं, कारण इथे मला खरी काळजी वाटते. या जुन्या घरांच्या भिंती चुन्याच्या आणि मऊ विटांच्या आहेत, त्यात अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, ठोकला की पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण आतली वीट भुगा होते आणि पावसाळ्यानंतर बोल्ट हातानं फिरतो. फिटरला सांगा भिंतीच्या आरपार बोल्ट घाल नि आतून लोखंडी पट्टी दे, किंवा वजन सरळ लाकडी तुळईवर घे. तो कुरकुर करेल, मजुरी जास्त मागेल, द्या. लाइटची वायर बॉक्समध्ये शिरते ते भोक वरून ठेवू नका, खालून घ्या आणि शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. बॉक्सच्या तळाला दोन बारीक भोकं पाणी निघायला ठेवा. पॉवर सप्लाय दुकानाच्या आत, उंचावर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा खाली ठेवलेले कितीतरी पॉवर सप्लाय खराब झाले. अर्थिंग हवंच, पत्र्याची फ्रेम आहे आणि खाली ओल्या छत्र्या घेऊन लोक उभे राहतात.

तेव्हा आत्ता पेंटरला ॲडव्हान्स देऊ नका, त्याच्याकडून फक्त माप आणि ड्रॉइंग घ्या. परवानगीचा कागद हातात आला की त्यावरची मुदत आणि अटी वाचून मगच पाटी कापायला द्या, कारण तिकडून आकार कमी करायला सांगितला तर एसीपीची (पाटीच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिक पत्र्याची) कापलेली शीट पुन्हा जोडता येत नाही. कागदाची झेरॉक्स दुकानात ठेवा, तपासणीला येणारा माणूस तीच आधी मागतो. मुदत संपायची तारीख वेऱ्याच्या तारखेसोबतच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ड्रॉइंग झालं की इथे टाका, मी उंची नि बोल्टच्या जागा बघून सांगतो.