सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच निकाल चुकीचा होता असं कधी मान्य केलंय का?

हो, केलंय, अगदी स्पष्ट शब्दात, फक्त त्याला ४१ वर्षं लागली. केस एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला, हेबियस कॉर्पस (अटक कायदेशीर आहे का हे कोर्टाने तपासावं अशी मागणी) केस म्हणूनही ओळखतात.

जून १९७५ ला आणीबाणी लागली, विरोधकांना मिसाखाली (खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा कायदा) उचलून आत टाकलं आणि राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेच्या कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य), २२ (अटकेबाबतचं संरक्षण) साठी कोर्टात दाद मागायचा हक्कच थांबवला. तरीपण ९ हायकोर्टांनी सांगितलं की अटक कायद्याला धरून आहे का एवढं तरी आम्ही बघणारच, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. तिथे न्या. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने खुन्नस काढायला कुणाला ठार मारलं तरी काहीच दाद नाही का? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत नाही. हे ऐकूनसुद्धा २८ एप्रिल १९७६ ला ४ विरुद्ध १ ने सरकार जिंकलं! न्या. बेग यांनी तर सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय अशा अर्थाचं लिहिलंय, आता काय बोलणार.

विरोधात एकटे खन्ना. त्यांचं म्हणणं, जगण्याचा हक्क काही कलम २१ मुळे जन्माला आलेला नाही, ते कलम बाजूला ठेवलं तरी कायद्याच्या आधाराशिवाय सरकार कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेऊ शकत नाही. जानेवारी १९७७ ला त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

शेवटी २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये (प्रायव्हसीवाली, ९ न्यायाधीश) जबलपूरचा निकाल चुकीचा म्हणून मोडीत काढला. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं, आणि १९७६ च्या त्या चौघांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. मुलाने वडिलांचा निकाल फिरवला याचीच जास्त चर्चा झाली, पण माझ्या मते खरी दुरुस्ती संसदेने आधीच करून ठेवली होती. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतसुद्धा कलम २० (गुन्हा आणि शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ स्थगित करता येत नाही, त्यामुळे २०१७ ला कोर्टाने जे केलं ते बरंचसं स्वतःच्या रेकॉर्डवरचा डाग पुसणं होतं.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेची प्लेसी केस बघा. १८९६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे चालतील म्हटलं, तिथेही विरोधात एकटे न्या. हार्लन, आणि १९५४ ला ब्राउन केसमध्ये निदान सरकारी शाळांपुरतं तरी ते तत्त्व कोर्टाने फेकून दिलं.