प्रायमरीआधीचे आकडे किती धरून चालायचे?

प्रश्न : अमेरिकेत प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्याराज्यांतलं मतदान) सुरू व्हायला वर्ष असताना देशव्यापी जनमत चाचणीत जो पुढे, त्यालाच अध्यक्षपदाची उमेदवारी मिळते का?

उत्तर : तसा भरवसा नाही. २००७ मध्ये रिपब्लिकन चाचण्यांत बहुतेक काळ रूडी जुलियानी पुढे होते. त्यांनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, जानेवारी २००८ मध्ये तिथे ते तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. उलट ट्रम्प जुलै २०१५ पासून बहुतेक काळ आघाडीवर होते आणि ते टिकले. इतक्या लवकर फोन आला की माणूस ओळखीचं नाव सांगतो, आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर म्हणून जुलियानी घराघरांत पोचलेले होते. म्हणून टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा शोधा : उमेदवाराचं नाव किती जणांनी ऐकलंय? सगळ्यांना ठाऊक असूनही २५ टक्क्यांवर अडकलेल्यापेक्षा, निम्म्यांनाच ठाऊक असून १२ टक्के मिळवणाऱ्याला वाढायला जास्त वाव असतो.

प्रश्न : चाचणी १००० जणांची, पहिला २४, दुसरा २० टक्के. आघाडी पक्की समजावी?

उत्तर : नाही. त्या हजारांत त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देणारे किती, ते तळटीपेत पाहा. समजा ३५० निघाले. मग चुकीची मर्यादा (खरा आकडा दोन्ही बाजूंना किती सरकू शकतो) हजार जणांची ३ नव्हे, साधारण ५ टक्क्यांची होते, आणि दोघांमधलं अंतर तर ७ टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं. चारची आघाडी त्यात बुडाली. त्या ३५० मधल्या फक्त तरुणांचे आकडे कोणी दाखवले, तर त्यांवर विसंबूच नका.

प्रश्न : २०२० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत बायडेन सुरुवातीच्या आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. तरी जिंकले. मग राज्यांच्या चाचण्या कशाला?

उत्तर : त्या राज्यापुरत्या. ही दोन्ही राज्यं बहुतांशी गोरी. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांचा वाटा फार मोठा. २९ फेब्रुवारीला बायडेन तिथे जिंकले, लगेच बुटिजेज आणि क्लोबुशार हे प्रतिस्पर्धी बाहेर पडले आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेला (अनेक राज्यांत एकाच दिवशी मतदान) चित्रच पालटलं. उमेदवार बाहेर पडला की त्याची मतं दुसऱ्याकडे जातात, म्हणून 'दुसरी पसंती कोण?' या प्रश्नाचं उत्तर जरूर वाचा. शिवाय डेमोक्रॅटिक नियमांनुसार १५ टक्क्यांखाली राहिलेल्याला डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळत नाहीत. तेव्हा चाचणीतले १३ टक्के शेवटी शून्यही ठरू शकतात.

प्रश्न : निदान आदल्या दिवशीची चाचणी?

उत्तर : ती पुष्कळ बरी. पण सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे मत शेवटच्या क्षणीही सहज फिरतं. ८ जानेवारी २००८ ला न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत चाचण्या ओबामांना स्पष्ट पुढे दाखवत होत्या. जिंकल्या हिलरी क्लिंटन, सुमारे तीन टक्क्यांनी. आयोवाचा निकाल लागून जेमतेम पाच दिवस झाले होते, म्हणजे मतं अजून हलत होती. म्हणून प्रसिद्धीची तारीख नको, शेवटचा फोन कधी केला ती तारीख बघा.