वजन ‘नॉर्मल’, पण कंबर ९४ सेंमी: नवरा आणि मुलगा, दोघांबद्दल

ताई, मिस्टरांचं वजन ‘नॉर्मल’ असताना कंबर ९४ सेंमी आणि शुगर ‘बॉर्डरवर’ कशी, आणि मुलाच्या वजनाचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मिस्टरांची उंची १६८ सेंमी आणि वजन ६७ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २३.७. तुम्ही पाहिलेल्या तक्त्यात तो २५च्या आत बसतो, म्हणून ‘नॉर्मल’ आला. भारतीयांसाठी मात्र २३ला जादा वजन सुरू होतं आणि २५ला लठ्ठपणा. तेवढ्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३ होता. चरबी मोजली तेव्हा युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के!

शुगर ‘बॉर्डरवर’ येण्यामागे बहुधा हीच पोटातली चरबी आहे. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात, शुगर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, मग शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि बीपी चढत जातात. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) करून घ्या, बीपीही मोजा.

कंबर मात्र नीट मोजा. पँटचा नंबर धरू नका, पट्टा पोटाखाली बसतो. ३४ची पँट घालणाऱ्याची कंबर सहज ९४ सेंमी भरते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. पुरुषांना मर्यादा ९० सेंमी, बायकांना ८०.

आता मुलगा. नऊ वर्षं, १३४ सेंमी, ४१ किलो: बीएमआय २२.८. लहान मुलांना मोठ्यांचे आकडे लावत नाहीत, वयाप्रमाणे तक्ता असतो, आणि त्यात हा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर आहे. ‘उंची वाढली की उतरेल’ असं आजी म्हणतात, पण आपोआप उतरेल या भरवशावर राहू नका. मानेवरची काळपट, मखमली पट्टी तुम्ही घासून काढताय. ती मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढल्याने तिथली त्वचा जाड होते. घासणं थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना ती मुद्दाम दाखवा. रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही सांगा.

त्याला उपाशी ठेवू नका, भात-पोळी बंद करू नका. वजन ४१वर थांबलं तरी पुरे. वर्षभरात उंची सहा सेंमी वाढली की बीएमआय २१च्या खाली येतो. रोज तासभर घाम येईल असं खेळणं हवं. जेवताना मोबाइल नको, कारण पोट भरल्याचं लक्षातच येत नाही.

थायरॉइड तपासायला हरकत नाही, पण थायरॉइडमुळे वजन वाढतं ते थोडंच. लठ्ठ मुलाची उंची खुंटली असेल तर मात्र हार्मोन तपासलेच पाहिजेत.

खरा हिशेब स्वयंपाकघरात आहे. चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल म्हणजे माणशी रोज ४० मिली, जवळपास ३३० कॅलरी नुसत्या तेलाच्या. अडीच लिटरवर आणा. महिन्याचं तेल एकदाच काढून ठेवा आणि फोडणी चमच्याने मोजून घाला. बुधलीतून ओतलं की अंदाज चुकतोच. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला तीन कप धरले तर ३० ग्रॅम साखर तिथेच गेली. उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी समजू नका, ती निव्वळ स्टार्च आणि तेल आहे.

मिस्टरांनी चार-पाच किलो उतरवले आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालले, तर मधुमेहाचा धोका बराच कमी होतो. एचबीए१सी पुन्हा तीन महिन्यांनी करा. त्याआधी केला तर जुन्या दिवसांची शुगरही त्यात मोजली जाते.