सेवेत नवा आहे. सरावात एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) दोन-चार फैरींनंतर अडकते. काय करू?

आधी मॅगझीन बदलून बघा, मग गॅसचे भाग, म्हणजे पिस्टन आणि गॅस सिलिंडर, साफ करून पूर्ण कोरडे ठेवा; बहुतेक वेळा दोष या दोन ठिकाणीच सापडतो. मराठवाड्यातच पोलीस दलात ही ७.६२ मिमीची रायफल मी वर्षानुवर्षे हाताळली आहे. नवीन पोरं तेल जास्त लावतात, तिथंच घोळ होतो. पिस्टन आणि गॅस सिलिंडरवर तेल राहिलं तर ते जळून काजळी धरते आणि पिस्टन जड चालतो. तेल फक्त ब्रीच ब्लॉकच्या (गोळीमागे नळी बंद करणारा सरकता भाग) घासणाऱ्या भागांवर, बोटानं पुसल्यासारखं पातळ. उन्हाळ्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ओल्या तेलाला अशी चिकटते की त्याचा लेपच होतो. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, विसरू नका: पुलथ्रू (साफसफाईची दोरी) बॅरलमधून जाते, पण चेंबरच्या कडेची घाण तशीच राहते आणि रिकामी पुंगळी तिथं अडकते. मॅगझीनचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग ढिली झाली का, बघा. पिस्टनला मिळणारा गॅस कमी-जास्त करणारा गॅस रेग्युलेटर मात्र स्वतः फिरवू नका, तो आर्मोररकडूनच (शस्त्रं दुरुस्त करणारा) लावून घ्या. आणि खोलण्याआधी मॅगझीन काढून चेंबर डोळ्यांनी रिकामं बघा, दर वेळी.