एक्सएमएल म्हणजे काय, आणि जेसन आल्यावर ते शिकण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण, म्हणजे टॅग, लावून साध्या मजकुरात लिहायची पद्धत; जेसन ही त्याच कामाची नंतर आलेली, आटोपशीर पद्धत. टॅग कसे लिहायचे वगैरे कुठेही वाचायला मिळेल, ते सोडतो. डेटा देवाणघेवाणीत एक्सएमएलचा उपयोग काय, हे मात्र सांगतो, कारण याच विषयावर माझं जुन्या साहेबांशी बरंच वाजलेलं आहे.

सांगलीत अडत्यांचे हिशोब टॅलीत चढवणाऱ्या एका लहान ऑफिसात मी होतो. हळदीची बिलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायची, तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) यायची आणि आमचा प्रोग्रॅम ती वाचून नोंदी टाकायचा. रकाने साधे: पार्टीचं नाव, पिनकोड, रक्कम. एकदा बिलं करणाऱ्या मुलाने नाव टाकलं "पाटील ट्रेडर्स, तासगाव". त्या एका स्वल्पविरामाने पुढचे रकाने सरकले, पिनकोड रकमेत जाऊन बसला आणि पाटलांकडे चार लाख सोळा हजारांच्या वर येणं निघालं. प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. उधारीची यादी गेल्यावर पाटलांचाच फोन आला, "अहो, एवढी हळद आम्ही उचलली कधी?"

मी म्हटलं, एक्सएमएल मागवू. <पार्टी>पाटील ट्रेडर्स, तासगाव</पार्टी> असं आलं की स्वल्पविराम नावातच राहतो, रक्कम रकमेच्या टॅगमध्ये. (टॅग मराठीत चालतात, कामाच्या फायलीत कोणी लिहीत नाही एवढंच.) टॅली एक्सएमएल थेट घेतंही. साहेब नाखुशीने तयार झाले. लगेचच "शहा & सन्स" आले आणि अख्खी फाईल अडली. & हे चिन्ह एक्सएमएलमध्ये राखीव आहे, उघडं लिहिता येत नाही. साहेब खूश. "बघ, सीएसव्ही कधी अडली का?"

नाही अडली, तेच तर दुखणं होतं! वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९८ साली एक्सएमएल १.० आणलं तेव्हा हा नियम मुद्दाम ठेवला: रचना मोडलेली दिसली की फेटल एरर, वाचणाऱ्या प्रोग्रॅमने अंदाजपंचे सांभाळून घेत पुढे जायचं नाही. पाठवणारा एका कंपनीचा, घेणारा दुसरीचा, दोघांची ओळख नाही. अशा ठिकाणी समजूतदार प्रोग्रॅम काय कामाचा? हटवादीच हवा. वर एक्सएसडी (कुठल्या टॅगमध्ये काय चालेल याची नियमावली) लावला की रकमेत अक्षर आलं किंवा तारीख राहिली तरी फाईल परत.

नवीन वेब एपीआय (दोन प्रोग्रॅमनी वेबवरून एकमेकांशी बोलायची सोय) करताय तर जेसनच घ्या, त्यात वाद नाही. मोडलेलं जेसनही अडतंच. जीएसटी रिटर्न जेसनमध्ये जातं, आयकराची ऑफलाइन विवरणपत्रंही २०२१ मध्ये एक्सएमएलवरून जेसनवर गेली. पण यूपीआयमध्ये बँका आणि ते चालवणारी संस्था एनपीसीआय यांच्यातले संदेश एक्सएमएल, आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाईल म्हणजे डिजिटल सही केलेलं एक्सएमएल, आणि वर्डची डॉकएक्स फाईल झिपसारखी उघडून पाहा, आत तेच. नोकरीत गाठ पडणारच. नेमस्पेस (सारख्या नावाचे टॅग वेगळे ओळखायची सोय), एक्सएसडी, एक्सपाथ (फाईलमधला हवा तो भाग शोधायची भाषा) शिका. एक्सएसएलटी (एक्सएमएल दुसऱ्या रूपात बदलायची भाषा) लागेल तेव्हा बघू.

साहेबांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. नाव अवतरणचिन्हांत आलं असतं तर सीएसव्हीतही स्वल्पविराम चालला असता. पण ती चिन्हं येतायत का, हे बघणारं ऑफिसात कोणी नव्हतं. आणि रक्कम मुळातच चुकीची टाइप झाली असती तर एक्सएसडीनेही मान डोलावली असती. हो, बाहेरून आलेल्या फायली वाचताना पार्सरमध्ये (एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक्स्टर्नल एंटिटी (बाहेरची दुसरी फाईल आत ओढून आणायची सोय) बंद ठेवा, नाहीतर तुमच्या सर्व्हरवरच्या फायली दुसराच कोणी वाचून जाईल.

"एक्सेलमध्ये पाठव, मी बघतो" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून रकान्यांची यादी लेखी घ्या: क्रम काय, कुठला रिकामा चालेल, तारीख कशी लिहायची, पैसे किती दशांशांपर्यंत. आमच्या साहेबांनी ती शेवटपर्यंत दिली नाही.