नाताळात मुलांना काय शिकवायचं?

अगं, "कृतज्ञ व्हा" असं नुसतं सांगून मुलांना काही कळत नाही. नाताळाआधीच्या 4 रविवारी, आगमनकाळात, पुठ्ठा आणि वाळलेल्या गवताची गव्हाणी त्यांच्याकडूनच करून घे. सोबत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाच. उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नव्हती म्हणून बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं, हे मुलांच्या मनाला लगेच लागतं. पुण्यातल्या एमजी रोडची रोषणाई बघायला जरूर ने, पण खरेदी नाही! खेळणं एकच, आधी ठरलेलं. करंज्या मुलांनाच भरू दे, फुटल्या तर फुटल्या. पहिलं ताट वॉचमनकाकांना मुलांच्याच हातून पाठव. आजी-आजोबा भेटवस्तूंचा ढीग आणतातच, त्यांच्याशी मात्र नोव्हेंबरातच बोलून ठेव.