थडग्याशी जमलेली मंडळी

प्रश्न : फाँतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराचं 'स्मृतिदिन' हे छापचित्र पाहिलं. संगीतकार बर्लियोजला श्रद्धांजली म्हणतात, पण बर्लियोज कुठेच दिसत नाही!

दिसतं ते त्याचं थडगं. एक्तोर बर्लियोज 1869 मध्ये पॅरिसला वारला. थडग्याला टेकून रडतेय ती संगीतदेवता. इतिहासदेवता क्लिओ त्याच्या रचनांची यादी उलगडून धरते. बाकीची मंडळी त्याच्याच संगीतातली: रोमिओ-ज्युलिएट, फाउस्टची मार्गरेट, कार्थेजची राणी डायडो. खरं तर ही पात्रं शेक्सपिअर, गटे आणि व्हर्जिलची. बर्लियोजने ती दत्तक घेतली, आणि सुतक धरायला आली तीच. मला या चित्रातलं सगळ्यात हृद्य हेच वाटतं.

प्रश्न : ही मूळ तैलचित्राची नक्कल का?

उलट आहे. 1875 च्या अखेरीस फाँतँने पॅरिसमध्ये बर्लियोजचं 'रोमिओ आणि ज्युलिएट' ऐकलं आणि भारावून आधी शिळाछाप केला. मोठं तैलचित्र 1876 च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत कलाप्रदर्शनात, आलं. ते आज ग्रनोबलच्या संग्रहालयात आहे. ग्रनोबल हे फाँतँचं जन्मगाव, आणि बर्लियोजही त्याच दोफिने प्रांतातला.

शिळाछाप म्हटलं की आपल्याला जुन्या पोथ्या, रविवर्मा प्रेसच्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती आठवतात. इथे नुसती काळी शाई. फाँतँ तेलकट खडूने खास कागदावर चित्र काढी, ते दगडावर उतरवी आणि मग पात्याने दगड खरवडून अंधारातून उजेड काढी. चांगल्या प्रतीत उजळ भागावर भिंग धरा. खडूचे रवाळ दाणे दिसतील आणि त्यांतून गेलेले केसासारखे बारीक ओरखडे. तो हात तिथे फिरलाय, हे कळतं.

प्रश्न : जुन्या बाजारात एक प्रत मिळाली. खरी कशी ओळखायची?

भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती फोटोवरून छापलेली. खरी निघो न निघो, लॅमिनेशन अजिबात करू नका. आम्लमुक्त पुठ्ठ्याचा माउंट घाला, कागद काचेला चिकटू देऊ नका, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

प्रश्न : देवतांच्या गर्दीत खाली काळ्या कोटातला पाठमोरा माणूस कोण?

तो फाँतँच्या काळातला साधा माणूस. मैफलीतून उठून आल्यासारखा, हातात पुष्पचक्र. बाकी सगळ्यांचे झगे पुराणातले, याचाच तेवढा कोट शिंप्याकडचा. चेहरा फाँतँने दाखवलेला नाही. प्रत हाताळाल तेव्हा आधी त्याच्याकडे बघा, मग त्याच्या खांद्यावरून थडग्याकडे.